यंत्र घेणं सोपं, सांभाळणं अवघड : लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण

लावणी आटोपली की पॉवर टिलर मांगराच्या पडवीला आणून उभा करायचा, वर जुन्या ताडपत्रीचा तुकडा टाकायचा आणि पुढच्या मिरगापर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही, ही पद्धत आपल्याकडे गावोगाव पडली आहे. मग मृग बरसतो, दाढ वर येते, सगळ्यांना एकदम घाई होते आणि नेमका त्याच दिवशी टिलर सुरू होत नाही. मेकॅनिक तालुक्याच्या गावाला. त्याच्याकडे आधीच दहा जणांचे टिलर खोललेले. तोपर्यंत पाऊस थांबत नाही आणि दाढही थांबत नाही. शेवटी दुसऱ्याचा टिलर तासाच्या भाड्याने आणावा लागतो, आणि आपला म्हातारा टिलर भंगारवाल्याला द्यायच्या गोष्टी घरात सुरू होतात.

तुमच्या पडवीतही असा एखादा टिलर, जुना ट्रॅक्टर किंवा आजोबांच्या वेळची कडबाकुट्टी पडली असेल, तर ती विकण्याआधी आज एका माणसाची हकीकत ऐका. हा माणूस आपल्या जिल्ह्यातला नव्हे, पण घाट चढून गेलं की त्याचा मुलूख लागतो. त्याचं आडनाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर आणि भातगिरणीच्या इंजिनावर वाचलेलं आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचं पूर्ण नाव.

रंग ओळखता न येणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. शाळेच्या पुस्तकात या मुलाचे मन रमत नसे. हाताने काही करायचे म्हटले, चित्र काढायचे म्हटले, की मात्र तो तहान-भूक विसरायचा. चित्रकार व्हायचे ठरवून 1885 साली तो मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तिथे कळले ते असे की, त्याला काही रंगांतला फरकच ओळखता येत नाही. चित्रकाराला रंग दिसत नसेल तर पुढे काय करायचे?

दुसरा कोणी असता तर गाव गाठून घरी बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. काळी शाई, पांढरा कागद आणि अचूक माप एवढे पुरे. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता त्यांनी यंत्रांची ओळख करून घेतली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती दुसऱ्याला दिली गेली. हा अपमान गिळून नोकरी करण्यापेक्षा त्यांनी नोकरीच सोडली आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघा भावांचे सायकलचे दुकान 1888 सालीच सुरू झाले होते. धाकट्याने मुंबईहून सायकली घेऊन पाठवायच्या आणि थोरल्याने बेळगावात विकायच्या, असा तो मामला. त्या काळी सायकल म्हणजे शेकड्यांनी रुपये मोजून घ्यायची चीज. ती घेणारा माणूस आधी धडपडणार, गुडघे फोडून घेणार. म्हणून हे भाऊ सायकल विकत आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. बेळगावात त्यांच्या नावाचा किर्लोस्कर रोड आजही आहे.

वाचकहो, ही पंधरा रुपयांची गोष्ट छोटी वाटेल, पण विसरू नका. यंत्र विकलं म्हणजे काम संपत नाही, ते वापरणाऱ्याच्या हातात बसलं पाहिजे, ही समज या माणसाच्या धंद्यात पहिल्यापासून होती. आज आपण लाखाच्या वर किंमत मोजून यंत्र आणतो, आणि ते चालवायला कोण शिकवतो? शेजारचा मुलगा. तो जे चुकीचं करतो तेच आपणही करतो.

आधी कडबाकुट्टी, मग नांगर

सायकलीबरोबर लक्ष्मणरावांनी बेळगावात छोटी कार्यशाळा थाटली. त्यांचे पहिले शेतीयंत्र होते चारा कापण्याचे, म्हणजे आपण ज्याला कडबाकुट्टी म्हणतो ते. कडबा अख्खा टाकला तर बैल पाने खातो आणि धांडे तुडवून टाकतो. कापून घातला तर फारसे काही वाया जात नाही. चारा टंचाईच्या मुलखात या यंत्राचा उपयोग शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता.

नांगराचे मात्र तसे नव्हते. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. लाकडी नांगर जमिनीत चीर पाडत जातो. लोखंडी नांगर खालची माती उचलून पालथी करतो आणि हरळी-कुंद्याची मुळे उन्हात आणून टाकतो. काम उघडउघड चांगले होते. पण शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज सगळीकडे होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल तयार करून ठेवायचा, गावोगाव दाखवायचा आणि घेणारा नाही. घरात काय बोलणी होत असतील, याची कल्पना धंदा करणाऱ्याला येईल.

आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. जरा थांबा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ गावचा लोहार शेवटायचा आणि दोघांचा हिशेब बलुत्यात व्हायचा. नांगर मोडला तर सकाळी देऊन संध्याकाळी परत मिळायचा. लोखंडी नांगराचा एखादा भाग तुटला तर तो कोण देणार, कुठून आणायचा, ऐन वाफशात खोळंबा झाला तर काय, हा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या मनात नसेल का? विषाचं बोलणं वरवरचं असेल, आतली भीती दुरुस्तीची असेल, असं मला वाटतं. आणि ही भीती आज आपल्यालाही आहेच की.

नांगराचं खरं दुखणं फाळाच्या टोकात असतं. ओतीव लोखंड मऊ राहिलं तर चार एकरांत झिजतं, सगळंच कडक केलं तर दगडावर आपटून तुकडा पडतो. म्हणून ओतकाम करणारे साच्यात टोकाच्या जागी लोखंडी ठोकळा ठेवतात. तापलेला रस त्या ठोकळ्याला लागला की तेवढाच भाग झटकन गार होऊन कडक होतो, बाकीचा चिवट राहतो. असले हिशेब जमल्याशिवाय नांगर शेतकऱ्याच्या पसंतीला उतरत नाही. फाळ वेगळा काढता येतो, तो झिजला की फक्त फाळ बदलायचा, नांगर तोच. सुट्या भागांची ही कल्पना लोखंडी नांगरानेच आपल्या शेतकऱ्यापर्यंत आणली.

निवडुंगातली वाडी

धंद्याला जरा बरे दिवस येत होते, तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी ती जागा घ्यायचे ठरवले. कार्यशाळा हलवणे भाग पडले. चाळिशी गाठलेला माणूस, डोक्यावर छप्पर नाही, पदरी कामगार. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या देवस्थानच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते, त्यातून ओळख झाली होती. राजांनी कर्जाऊ पैसे दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची तीस एकरांहून अधिक माळजमीन दिली.

जमीन कसली म्हणता? निवडुंग आणि साप. पाण्याची मारामार. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायका-मुले घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. 10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानतात. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आज ही वाडी आहे, आणि स्टेशनाला आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

सोबत आलेली माणसे कशी होती हेही बघा. अनंतराव फळणीकर नावाचे गृहस्थ मोठे शिक्षण नसताना स्वतःच्या हुशारीवर इंजिनिअर झाले. हिशेब आणि कारभार मंगेशराव रेगे यांनी सांभाळला. पुतण्या शंकरराव जाहिरात आणि विक्रीला. कारखान्याच्या राखणीला ठेवली ती पूर्वी दरोड्यांबद्दल शिक्षा भोगून आलेली माणसे. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही त्यांच्यावर लक्ष्मणरावांनी ठेवला, आणि त्या माणसांनी तो राखला. वाडीत जातीपातीवरून माणूस दूर ठेवायचा नाही, शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक होता. 1910 चा काळ लक्षात घ्या, म्हणजे याची किंमत कळेल.

तोफांचे नांगर झाले

1914 साली युरोपात महायुद्ध पेटले. परदेशी नांगर यायचे थांबले, त्यामुळे किर्लोस्करी नांगराला मागणी वाढली. पण लोखंडही परदेशातून यायचे, तेही थांबले. मागणी आहे आणि माल करायला लोखंड नाही, अशी कोंडी झाली. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, पडून राहिलेल्या लोखंडी तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ज्या लोखंडाने माणसे मारायची होती ते जमीन नांगरू लागले.

यात आपल्यासाठी एक साधी गोष्ट आहे. जुनं लोखंड म्हणजे कचरा नव्हे. तुमच्या पडवीतल्या टिलरचा सांगाडा, गिअरपेटी, चाकं यांत अजून बरीच वर्षं शिल्लक असतात. बहुतेक वेळा निकामी झालेला असतो तो एखादा ऑइल सील, पट्टा, बेअरिंग किंवा पिस्टनची रिंग.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी किर्लोस्कर खबर नावाचे छोटे पत्रक सुरू केले. कारखान्यात काय नवे आहे, कोणता माल कसा आहे, ही माहिती गिऱ्हाइकाला कळावी हा मूळ हेतू. पुढे त्याचेच किर्लोस्कर हे नामांकित मासिक झाले. 1924 ते 1937 या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. इथे बसून लिहिलेले त्यांचे यंत्र आणि विज्ञान यांवरचे लेख याच मासिकात छापून येत. म्हणजे नांगराच्या कारखान्याशी आपल्या रत्नागिरीचा हाही एक धागा आहे.

मंदी, आग आणि उतारवय

सगळे दिवस चांगले गेले नाहीत. शेतमालाचे भाव पडले की शेतकरी पहिल्यांदा नांगर घ्यायचा थांबतो. हे 1930 च्या आसपासच्या मंदीत वाडीने अनुभवले. पण तोवर एकट्या नांगरावर अवलंबून राहायचे नाही हे लक्ष्मणरावांनी ठरवले होते. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर, असे जे जे लागेल ते करायचे. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून 1926 साली परतला, आणि पंप व इंजिनांच्या कामाला वेग आला. 1941 साली हरिहरला यंत्रे करणारी यंत्रे, म्हणजे लेथ, तयार करायचा कारखाना निघाला. 1946 साली पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. वीज गावात यायच्या आधी महाराष्ट्रात विहिरीवर आणि गिरणीत ठक ठक आवाज करत चालणारी इंजिने तुम्हाला आठवत असतील. कित्येक ठिकाणी तर इंजिन म्हणजे किर्लोस्कर असेच लोक म्हणत.

1948 साली गांधीजींच्या खुनानंतर जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने आयुष्यभर उभे केलेले जळताना पाहिले. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात लक्ष्मणराव गेले. 1969 साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

ट्रॅक्टर या देशात तयार झालेला त्यांनी पाहिला नाही. आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरिदाबादच्या कारखान्यातून 1959 साली बाहेर पडला. पुढे 1970 च्या दशकात किर्लोस्करांच्या नावाचे ट्रॅक्टर नाशिकला, जर्मन डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने तयार झाले. त्यांचे उत्पादन थांबून आता बराच काळ झाला. जुन्या यंत्राचा मालक हे दुःख जाणतो. कंपनी थांबते, मॉडेल बदलते, पण आपलं यंत्र तर दारात उभं असतं. म्हणून ज्याच्याकडे जुनं मॉडेल आहे त्याने माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांचे नंबर जपून ठेवावेत. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यावर नंबर कोरलेला असतो. तो मिळाला की कंपनी नसली तरी त्या मापाचा भाग बाजारात मिळू शकतो.

आपल्या लाल मातीत काय करायचं

आता खरं बोलायचं तर किर्लोस्करी नांगर कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा. आपली भाताची खाचरं लहान, बांध उंच, बैल अंगाने हलके आणि खाली जांभा. त्यामुळे आपल्याकडे लाकडी नांगर फार उशिरापर्यंत टिकला, आणि बैलजोड्या कमी झाल्या तेव्हा ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर जास्त आला. गवताच्या आणि पेंढ्याच्या गाठी बांधणारा बेलरसुद्धा मोठ्या सपाट शिवारातच नीट चालतो. कुणग्याकुणग्यांतून तो फिरवता येत नाही. शेजाऱ्याने घेतलं म्हणून यंत्र घेऊ नका. आपली जमीन बघा, मग यंत्र बघा.

आणि जे आहे ते सांभाळा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि किनाऱ्याला खारा वारा असतो. घाटावर दहा वर्षं टिकणारा पत्रा इथे लवकर गंजतो. त्यामुळे चिखलणी संपली त्याच आठवड्यात एवढी कामं करा.

यंत्र स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. रोटरच्या दांड्याला गुंडाळलेलं गवत आणि मुळं काढून टाका, तीच सील कापतात. गिअरपेटीतलं तेल थोडं काढून बघा. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. ते सगळं काढा, सील बदला, नवं तेल भरा. तसंच ठेवलंत तर पुढच्या मिरगापर्यंत आतली बेअरिंगं गंजून जातील. इंजिनाचं काळं तेलही काढून नवं भरा, कारण जळक्या तेलातला आम्ल अंश धातू खातो. हवेचा फिल्टर साफ करा. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं आणि ते पंप बिघडवतं. पट्टे ढिले करा. पात्यांना आणि उघड्या लोखंडाला तेल किंवा ग्रीस फासा. यंत्र जमिनीवर टेकू देऊ नका, खाली लाकडी ओंडके द्या. बॅटरी असेल तर काढून घरात ठेवा. आणि महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू द्या.

कडबाकुट्टीचं तर याहून सोपं आहे. पाती धारदार ठेवा आणि पातं व खालची पट्टी यांतलं अंतर सारखं ठेवा. अंतर वाढलं की पेंढा कापला न जाता चेपतो आणि मोटरवर ताण येतो. मात्र तोंडावरचं संरक्षक झाकण कधीही काढू नका. हात गेला तर तो कोणत्याच दुकानात मिळत नाही.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच मंडळी, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि कृषी खात्यातले साहेब, हे तुमच्यासाठीही आहे. अनुदानातून यंत्रं येतात, गटांच्या अवजारे बँका निघतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. दोन पावसाळ्यांनंतर त्यातली किती चालू आहेत याची नोंद कोणाकडे असते? गावातल्या प्रत्येक यंत्राची एक वही ठेवा. इंजिन नंबर, खरेदीची तारीख, किती तास चाललं, तेल कधी बदललं, काय मोडलं, एवढंच लिहायचं. भाड्यातून दर तासाचे थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढा. गावातली दोन हुशार मुलं निवडून त्यांना दुरुस्तीचं शिक्षण द्या, म्हणजे मुंबईची गाडी पकडणारे दोघे तरी कमी होतील. चार-पाच गावांत मिळून एक पान्यांचा संच, एक ग्रीस गन आणि नेहमी लागणारे सील-पट्टे ठेवले तर जून महिन्यातला खोळंबा बराच टळेल.

लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही, जागा गेली, लोखंड संपलं, कारखाना जळाला. दर वेळी त्यांनी हातात काय उरलं आहे ते बघितलं आणि त्यातून पुढचं काम काढलं. तुमच्या पडवीतल्या त्या जुन्या टिलरवरची ताडपत्री या रविवारी उचला. भंगारवाल्याचा भाव नंतर विचारा. आधी तेल काढून बघा, त्याचा रंग कसा आहे तो.